माणक्याची जोड

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. गावातला शेवटचा लाल कंधारी वळू मी खच्ची करवला. का? तर पोळ्याला जोडीचा रंग जुळावा म्हणून!

हसा. मलाही तेव्हाच्या त्या पोरीचं, माझंच, हसू येतं. अक्कल गुडघ्यात होती. आता गुडघेही दुखून राहिलेत.

माणक्या आमचा — भिजल्या विटेसारखा लाल. बाकीच्यांनी जर्सीच्या नादात आपले वळू विकले होते, म्हणून शेजारच्या गावांतूनही गाई आमच्याच दारी यायच्या. सासरे पैका घेत नसत. "ह्यो आपला न्हाई, गावाचा हाय," म्हणायचे. मला ते कशाला कळतंय?

त्या वर्षी आमच्या लाल बैलाचा जोडीदार मेला. उदगीरच्या बाजारातून पांढरा आणू, म्हणाले मामंजी. लालाला पांढरी जोड? आणि ती जावेसमोर मिरवायची? ते लेकीकडे धर्माबादला गेले, तशी मी खच्ची करणाऱ्याला बोलावलं — मामंजींचा निरोप हाय म्हणून. धडधडीत खोटं.

ते परतल्यावर त्या माणसानं आमच्या ओसरीवरच विचारलं, "तुमचाच निरोप व्हता ना, मालक?"

मामंजींनी माझ्याकडं पाहिलं. "हाव," म्हणाले.

मग गावानं त्यांना शिव्या घातल्या — म्हाताऱ्यानं आपल्या नांगरापायी गाव बुडवलं! मी आत चहा उकळत ऐकत होते.

पुढं गाईंना दवाखान्यातली जर्सीची इंजेक्शनं. दूध वाढलं, खोटं कशाला बोलू? पण त्यातून झालेले गोऱ्हे आमच्या उन्हात जू घेतलं की धापा टाकायचे. कोण पोसणार? विकले. ज्याच्याकडं एकच बैल, तो शेजाऱ्याच्या बैलाशी सावड करायचा — आज तुझं रान, उद्या माझं. बैल संपले, सावड संपली. आता बांधावरून भांडणं तेवढी होतात. पोळ्याला नातू ट्रॅक्टरला बाशिंग बांधतो.

आणि तरी सांगते — त्या पोळ्याला ती लाल जोडी वेशीतून निघाली तेव्हा पंचक्रोशीत तोड नव्हती. अशी लाली, अशी चाल! आमच्या मातीतलं जनावर होतं ते. अजून आठवलं की माझी मान ताठ होते. काय करू, होते.

त्या दिवशी पुरणपोळीचं ताट घेऊन मी माणक्यापाशी गेले. मामंजी त्याच्या वशिंडावरून हात फिरवत होते. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "लई देखणा दिसून राहिला, सूनबाई. पोटभर बघून घे. असा परत व्हायचा न्हाई."