न्यानबाईंच्या वहीतलं बारावं उत्तर

क्वेनसारखा कागद कापणारं व्हिएतनाममधल्या हुएच्या पंचक्रोशीत कोणी नाही. तिच्या थोरल्या भावाला, लुआनला विचारा. न विचारताही सांगेल. आमच्या गल्लीत सगळेच मेलेल्या माणसांसाठी कागदाच्या वस्तू करतात. घरं, घोडे, आता मोबाईलसुद्धा. जाळल्या की पलीकडे पोचतात. पण क्वेननं केला तसा सदरा कोणाच्या बापाला सुचला नव्हता.

त्यांचे वडील वादळात होडीसकट गेले. देह मिळाला नाही. क्वेन तेव्हा सतरा वर्षांची. तिच्या मनानं एकच घेतलं, की बाबा अजून ओलेच असतील. तिनं कागदाचा सदरा केला, आतून अस्तर लावलं, खिशात टॉवेल घडी करून ठेवला आणि लुआनच्या देखत पाण्याच्या काठावर जाळला. पुढं त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. आईशीसुद्धा नाही.

तिला परदेशात नर्सिंगच्या कॉलेजात जागा मिळत होती. सगळं जमलं, इंग्रजी बोलायच्या परीक्षेत अर्धा मार्क कमी पडला. लुआननं मासळी बाजारात आधीच बोलून ठेवलेलं, आता तोंड कुठं दाखवणार.

दोष तिचा नव्हता. न्यानबाईंच्या शिकवणीत इंग्रजी शब्द जोडीजोडीनं पाठ करून घेतात. कल्पना नुसती येत नाही, ती डोक्यात चमकते. ठिणगी पडते. प्रेरणा आजीच्या गोष्टींतून शेंदून काढायची, विहिरीतून पाणी काढल्यासारखी. एवढ्या जोड्या आल्या की मार्क पडतात, असं बाई सांगत. बावीस जणांनी तेच आजीचं उत्तर घोकलं. परीक्षेच्या सकाळी क्वेनचा नंबर चौथा. गोऱ्या परीक्षकानं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, तुलाही तीच आजी का?

आता एकच खेप उरली होती. ती हुकली की जागा दुसऱ्याला.

"सदऱ्याचं सांग," लुआन म्हणाला.

"तो बाबांचा आहे, दादा."

"मग बाबा काय नको म्हणणारेत? मी सातवीत शाळा सोडून जाळी ओढली, ती काय तू परक्याची आजी सांगत बसावीस म्हणून?"



या खेपेला प्रश्न निघाला, तू कोणाला दिलेल्या भेटीबद्दल बोल.  क्वेननं सदऱ्याचं सांगितलं. परीक्षकानं विचारलं, ही कल्पना आली कुठून? बाईंची एकही जोडी तिला आठवली नाही. आली नाही, ती म्हणाली, रोज संध्याकाळी आई बाबांसाठी दारात टॉवेल घेऊन उभी राहायची, कल्पना तिथंच होती. पुढं शब्द फुटेना. परीक्षकानं पेन खाली ठेवलं नाही.

अर्ध्याच्या जागी पुरा मार्क वाढला. लुआननं गल्लीभर सांगितलं. त्याच्यासारखा भाऊ असल्यावर सांगणारच की. न्यानबाईंना तर पायरीवर बसून क्वेनकडून ऐकलेल्या उत्तराचा शब्दन्‌शब्द ऐकवला, कौतुकानं.

निघायच्या आठवड्यात क्वेन तिळाच्या वड्या घेऊन बाईंकडं गेली. दारातच थबकली. आत सगळे एका सुरात बाईंच्या वहीतलं नवं, बारावं उत्तर म्हणत होते, माझे वडील समुद्रात आहेत, त्यांच्या अंगावर कोरडं काही नाही. मधे बाईंनी दोन जोड्या चढवल्या होत्या. सदरा शिवायच्या आधी डोक्यात ठिणगी पडत होती.

पुढच्या बाकावर दाओ बसलेली. तिचा बाप कोपऱ्यावर शेवयांची गाडी लावतो, येतानाच क्वेनला हाक मारून हसला होता.

दाओनं वळून पाहिलं. "बरं झालं आलीस, ताई. 'तिथंच होती' म्हटल्यावर तू थांबली होतीस म्हणे. किती वेळ थांबायचं गं?"

"मी थांबले नव्हते," क्वेन म्हणाली. "मला रडू आलं होतं."

दाओनं मान डोलावली आणि समासात पेन्सिलीनं लिहून घेतलं.