राहिलेला कान

आमच्या वाटूरच्या फाट्यावर बसची वाट बघत उभे होतो. मी खिशातून विमानकंपनीचा रंगीत कागद काढला आणि घरच्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. मुंबई ते लंडन साडेचार हजार मैल, पंचवीस तास. साल १९५७, कारखान्यानं मला विलायतेला कामाला पाठवलेलं, अंगात नवा कोट. काय ती ऐट! आईनं विचारलं, "बांधल्यात त्या भाकरी पुरतील ना रे?" मी हसलो. "एका दिवसाचा तर रस्ता, आई." अण्णा, माझे वडील, एकदम खूश. "मंग धावड्याहून जवळच है की! धावड्याला आपली बैलगाडी दोन मुक्काम करती."

धावडा म्हंजे माझ्या बहिणीचं, कमळचं, ठरलेलं सासर. ती म्हणाली, "मंग कान पिळायला येशील ना, भाऊ?" आमच्याकडं लग्नात नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा असतो, आणि तिला सख्खा भाऊ मी एकटाच. म्हणालो, "बिलकुल येईन. आज कळव, उद्या हजर." असला मी दीडशहाणा.

अण्णांनी ते खरं धरलं. पुढच्या वैशाखात तिथी निघाली, तर मला पत्र टाकलं लग्नाला बारा दिवस उरल्यावर. एका दिवसाच्या रस्त्याला इतकी जल्दी कशाला? पत्रालाच नऊ दिवस लागले.

धडपड करून विमानात जागा मिळवली. विमान बराबर पंचवीस तासांत मुंबईला उतरलं, कागद खोटं बोलला न्हाई. लग्न दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. रातच्या गाडीनं मनमाड गाठलं, तर आमच्या परतूर स्टेशनाकडं जाणारी छोट्या लाईनची गाडी डोळ्यांदेखत सुटली. पुढची संध्याकाळी. समुद्र ओलांडून आलेले साहेब टाय लावून दिवसभर बाकड्यावर केळी खात बसले. तिकडं मंगलाष्टकं उरकली.

वाटूरला पोचलो तेव्हा मांडवाचे बांबू उपटून राह्यले होते. कमळ सासरी गेल्ती. अण्णा धावत आले. "विमान बिघडलं काय रे?" मी म्हणालो, "हो." मुंबईहून वाटूर किती लांब, हे मी कधी मोजलंच नव्हतं, असं कबूल करायला जीभ रेटली न्हाई. थू माझ्या जिनगानीवर! आई सांगत होती, कान पिळायला चुलतभाऊ पुढं झाला, तर कमळनंच अडवला. "भाऊ येऊन राह्यला. राहू द्या तो कान."

धावडा तिथून अजून दोन मुक्काम, आणि रजा सगळी मिळून आठ दिवसांची. उलट पावली विमान गाठलं. बहिणीकडं जायला फुरसत न्हाई, लंडनला जायला है!

माझ्यासारखेच आलेले आमचे मराठी लोक इथं रविवारी चहाला जमतात आणि बिस्कीट बुडवत म्हणतात, "जग किती जवळ आलं हो!" डोंबल आलं! अरे, तुमच्यातला एकजण तरी तीन वर्षांत घरी गेलाय का? तुमची मला किळस येते, आणि दाढी करताना आरशात दिसतो त्या कोटवाल्याची त्याहून जास्त.

घर कुठं, असं कोणी विचारलं की मी पूर्वी वाटूर म्हणायचो. आता आधी धावडा तोंडात येतं, जिथं मी अजून पाऊलही टाकलेलं न्हाई. परवा तिथूनच कमळचं पत्र आलं. दोन वर्षं झाली, तरी शेवटी तीच ओळ: "भाऊ, विमान दुरुस्त झालं का? ह्यांचा कान तसाच ठेवला है."