ओट्यावरची बिअर

प्रिय ओवी आणि चिन्मय,

तुमच्या नंदूकाकाची बिअर माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर जन्माला आली. हे आत्ताच लिहायचं कारण म्हणजे काल फोनवर तो तुम्हाला ऐकवत होता, "देवगिरीच्या पायथ्याच्या अंजिरांवरचं यीस्ट, आपल्या मातीतली ज्वारी..." वगैरे. ती अर्धीच गोष्ट आहे. उरलेल्या अर्ध्या गोष्टीत मी, म्हणजे तुमची आजी आहे, म्हणून तो ती गाळतो!

नंदूने छावणीपलीकडे मायक्रोब्रुअरी काढली. (शेजारी विचारतात तेव्हा मी 'पेयांचा कारखाना' म्हणते.) शहरातल्या जुन्या भूमिगत नहरींवरून पहिल्या बिअरचं नाव ठेवलं 'नहर'. तिच्यासाठी त्याने अंजिरांच्या सालीवरचं यीस्ट महिनोन्‌महिने तान्ह्या बाळासारखं वाढवलं. त्याची एकच बरणी होती. उद्घाटन महिन्यावर आलं आणि कारखान्यातला फ्रीज बिघडला, म्हणून ती बरणी माझ्या फ्रीजमध्ये आली. मला न सांगता. आणि चिठ्ठी न लावता!

माझ्या फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या डब्यालाही चिठ्ठी असते, हे तुम्हाला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण होतं. (पुण्याकडे त्यांना गौरी म्हणतात.) नैवेद्याला आपल्याकडे आंबील लागतेच. ज्वारीचं पीठ ताकात भिजवून रात्रभर आंबवायचं आणि सकाळी शिजवायचं. शेजारच्या सुमनवहिनी त्यासाठी विरजण पाठवणार होत्या. मी फ्रीज उघडला, तर समोर गढूळ, आंबूस वासाची बरणी. म्हटलं, 'पाठवलं वाटतं वहिनींनी, नंदूने घेऊन आत ठेवलं असेल! चिठ्ठी मात्र नाही. शिस्त म्हणून नाही एकेकाला!' सगळी बरणी पिठात ओतली. वर ती साबणाने घासून पालथीही घातली.

सकाळी पाहते तर पातेल्याचं झाकण जमिनीवर! आंबील फसफसत ओट्यावर आलेली, ओट्यावरून मिक्सरखाली गेलेली. मी हात जोडले. "महालक्ष्म्या पावल्या! केवढी बरकत!" आणि पातेलं गॅसवर चढवलं.

तेवढ्यात सुमनवहिनी डबा घेऊन दारात. "ताई, उशीर झाला बघा. हे घ्या विरजण."

"मग काल पाठवलंत ते?"

"काल? काल तर मी पैठणला व्हते!"

मागोमाग नंदू आला आणि त्याने फ्रीज उघडला.

"आई, इथली बरणी?"

"धुतली."

"धुतली?!"

"साबणाने."

त्याने पालथी बरणी उचलून आत पाहिलं. "आणि आतलं?"

मी गॅसकडे बोट दाखवलं. पातेलं छान रटरटत होतं.

"मेलं! सगळं मेलं!"

"कोण मेलं रे?" वहिनी दचकल्या.

"यीस्ट, काकू! बिअरचं!"

"अगं बाई! ताई, महालक्ष्म्यांना दारू पाजत व्हत्या का तुम्ही?"

मला संकटात एकच सुचतं, साफसफाई. ओलं फडकं घेऊन मी ओट्याकडे वळले.

"आई, पुसू नकोस!" नंदू किंचाळला. (एवढ्या संसारात हे वाक्य मी प्रथमच ऐकलं.) सांडलेली आंबील शिजलेली नव्हती. म्हणजे त्यातलं यीस्ट जिवंत होतं! मग आम्ही तिघं चमचे आणि उलथणी घेऊन ओटा खरवडायला लागलो. वहिनींनी पदर खोचला. "नंदू, मिक्सरखाली लई हाय रे! हिकडं ये!"

त्या दिवशी नैवेद्याला आंबील त्यांच्या घरून आली.

ओट्यावरचं यीस्ट जगलं, फोफावलं. पण त्यात ताकही होतं ना! 'नहर' चांगलीच आंबट झाली. उद्घाटनाला नंदूचा चेहरा उतरलेला. पहिल्याच गिऱ्हाइकाने घोट घेतला, डोळे मिटले आणि ओरडला, "हौ रे, खट्टी है, पर क्या चीज है! अजून एक आण!" पिंप त्याच संध्याकाळी रिकामं झालं. कर्तव्य म्हणून मीही एक चमचा चाखली.

"कशी आहे?" नंदूने भीत भीत विचारलं.

"आंबीलच आहे. मीठ कमी पडलंय."

ते यीस्ट अजून जिवंत आहे. अर्धं कारखान्यात, अर्धं माझ्या फ्रीजमध्ये. बरणीवर माझ्या अक्षरात ठळक चिठ्ठी आहे: 'बिअरचं यीस्ट. आंबिलीत घालू नये.' तिच्याखाली नंदूने स्वतःची एक चिकटवली आहे: 'आईपासून लांब ठेवा.'