डब्यातलं जोडपं

राजूरच्या एसटीत शेजारी बसलेल्या त्या बाईंचं नाव मी विचारलंच नाही. मी निघाले होते नातीचं जमत आलेलं लग्न मोडायला. पोरगा गुणी, नातीच्या मनात भरलेला, पण तिच्यापेक्षा चार बोटं बुटका!

बाईंनी मांडीवर मिठाईचा डबा उघडला. आत कापसावर दगड झालेले जुने, चकलीसारखे वेटोळे शंख, कच्छातून स्वतः वेचून आणलेले. एकेक उचलायच्या, अंगठ्याला थुंकी लावून पुसायच्या, गळ्यातलं भिंग डोळ्याला लावून त्याच्याशीच पुटपुटायच्या.

"ही तर मेंढ्याची शिंगं!" मी म्हणाले. आम्ही धनगर, शिंगं आम्हाला कोण शिकवणार?

त्यांनी तळहाताएवढा एक आणि लिंबाएवढा एक माझ्या हातात ठेवला. "आतले वेढे बघा आजी, बराबर सारखे. मी येडी दोन जाती समजून राह्यले होते. हे तर एकाच जातीचे नर-मादी निघाले."

"मंग हा मोठा नर," मी ठोकून दिलं.

"न्हाई हो! मोठी ती बाई. नवरा हा, एवढुसा."

मी खो खो हसत सुटले. नवऱ्याहून वीतभर उंच होते मी. ते दिसू नये म्हणून अंतरपाटामागे गुडघे वाकवून उभी राहिलेली शहाणी मीच! सासूला वाटलं, सून लंगडी आहे.

राजूरला मुलाच्या आईनं भीत भीत विचारलं, "आत्या, पोरगा पसंत हाय ना?"

"बिलकुल पसंत. हार घालायला तेवढा त्याला पाट द्या. माझी नात वाकायची न्हाई."