दोनदा ओव्हर

मोबाइलचे टॉवर सकाळीच बंद पडले होते. नदीकाठची गावं पाण्यात, आणि महागावच्या कचेरीत आम्हा सगळ्यांचा जीव एका जुन्या वायरलेस सेटवर टांगलेला. सेटवर निवृत्तीला आलेले एक ऑपरेटर होते, त्यांना सगळे काकाच म्हणायचे. कोण कुठे अडकलंय ते मी शेजारी बसून लिहून घेत होते, आणि तो कागद बघून बोटी निघत होत्या. आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीतल्या, त्यामुळे मी अगदी तोऱ्यात बसले होते.

दुपारी एका गावाच्या कोतवालाचा आवाज आला. त्याला वॉकीटॉकी दिली होती, आणि बोलणं संपलं की ‘ओव्हर’ म्हणायचं एवढं शिकवलं होतं. "तिघं जनं शायेच्या स्लॅबवर हायेत," तो म्हणाला. मग नुसती खरखर. मग "ओव्हर... ओव्हर."

घाबरलाय बिचारा, असं म्हणत मी ‘शाळेवर तीन’ लिहिलं आणि कागद पुढे सरकवला. काकांनी त्यावर हात ठेवला.

"थांबा ताई. हा गडी सकायपासून बोलून राह्यला, दोनदा ओव्हर कधी म्हनला नाही."

त्यांनी सेटवर बाकी सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं आणि कोतवालाला पुन्हा सावकाश बोलायला लावलं. प्रत्येक गावाची आपली रड होती, तरी एकानेही बटण दाबलं नाही. ओळख ना पाळख, आणि इतकी माणसं एका आवाजासाठी श्वास रोखून बसली होती. इतकं मोठं काही मी कुठल्या देवळातही अनुभवलं नव्हतं.

"वावर म्हनलो जी," कोतवाल सांगत होता. "एक बाई वावरात हाये. बाभयीवर चढून बसली, पानी वाढून राह्यलं. ओव्हर."

आमच्या घरी शेताला शेतच म्हणतात. वावर मला सातबाऱ्याच्या टेबलावर कानावर पडेल तेवढंच. खरखरीत मला ते ओव्हर वाटलं होतं.

काकांनी बोट आधी वावराकडे वळवली. पाऊण तासाने बोटवाल्याचा निरोप आला, बाई सापडली.

"बोलायले लावा तिले," काका म्हणाले.

बारीक, थरथरता आवाज आला. "मी हाओ जी."

मला रडूच फुटलं. डोळे पुसून खाली पाहिलं, तर माझ्या कागदावर अजून तीनच माणसं होती.