सुखदेवकाकांचा बिनतंबाखूचा खर्रा

माझं पहिलं बाळ पोटातच गेलं, आणि त्या दिवशीही मी खर्रा खाल्ला.

घ्या. लिहून टाकलं. ज्यांना नावं ठेवायची त्यांनी खाली कमेंटमध्ये खुशाल ठेवा. आज मी कोणाला भीत नाही.

आज सकाळी सुखदेवकाका गेले.

दिघोरीच्या स्टॉपवरचा पानठेला त्यांचा. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत टाकून असा खर्रा घोटायचे की लोक बस सोडून द्यायचे.

माहेरी आई खायची, सासरी सासू खायची, नवरा तर खायचाच. धानाच्या रोवणीत वाकून कंबर गेली की बाया बांधावर बसतात, एकीची पन्नी उघडते, सगळ्या चिमूट चिमूट घेतात. मीही पोरवयातच घेतली. त्याला व्यसन म्हणतात हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही.

सांगितलं ते बाळ गेल्यावर. दवाखान्यातली सिस्टर सगळ्या वॉर्डासमोर ओरडली, "तंबाखू खाऊन लेकरू मारलंस."

म्हणून दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी दवाखान्याची पायरी चढले नाही. कायले चढू? शिव्या खायले?

गरोदर बायांची नोंद करायला आशाताई घरी आली की मी मागच्या दारानं वावरात.

खर्रा सोडायचा होता हो. हे बाळ मला पाहिजे होतं, जिवापाड पाहिजे होतं. सकाळी शपथ घ्यायची, दुपारी डोकं फुटायला लागायचं, सासूवर खेकसायची आणि सरळ ठेल्यावर.

एक दिवस काका घोटता घोटता थांबले.

"कितवा महिना व बाई?"

मी चमकले. नवऱ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

"तुम्हाले कोणं सांगतलं?"

"कोणंच नाही. मागच्या खेपेलेही अशीच पदर ओढून येत होती तू."

माझं डोकंच सटकलं. "द्यायचा असंल तर द्या. नाही तर दुसरे ठेले आहेत गावात!"

"देतो ना. दुसरीकडं जाऊ नको. पण मले माह्या हिशोबानं घोटू दे. रोज तंबाखू उलीसा कमी करीन. तुले सांगून करीन, चोरून नाही."

मग म्हणाले, "अन् उद्या तुही काकू येते तुह्यासंगं दवाखान्यात. कोणी बोललं तर तिच्याशी गाठ आहे."

काकू म्हणजे आमच्या गावचा तोफखाना. पण तोफ डागायची वेळच आली नाही. नवीन सिस्टर आली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "पूर्णच सोडावं लागेल. पण एखादा दिवस चुकला तरी ये. चुकला तर नक्कीच ये."

बाई गं, मी तिथंच ढसाढसा रडले.

काकांनी शब्द पाळला. तंबाखू घटत घटत गेला. मग सिस्टरनं सांगितलं, सुपारीही नको. ती पण गेली. राहिली भाजलेली जवस, बडीशेप, ओवा. पण पन्नी तीच, घोटणं तेच.

"हाताले पन्नी लागते, तोंडाले काहीतरी लागते. तंबाखूच पाहिजे असं थोडीच आहे?"

सोपं नव्हतं. मध्ये दोनदा दुसऱ्या ठेल्यावर गेले आणि रडत काकांना सांगितलं.

"मंग? आजपासून पुन्हा सोड. रडून काहून राहिली?"

रोवणी लागली. बांधावर मालूबाईनं माझ्या पन्नीतली चिमूट उचलली, तोंडात टाकली आणि ओरडली, "अव माय! बडीशेप? लग्नात जेवाले आली का मी?"

बाया हसून हसून चिखलात बसल्या. मग मी खरं काय ते सांगितलं.

नवी लग्न होऊन आलेली कमल हळूच म्हणाली, "काकांले माह्यासाठीही सांग ना व."

तिथून जे सुरू झालं! ठेल्यावर बाया उघड येऊ लागल्या. माझी सासू पण आली, "नातवंड पाहिजे तर मलेही तोच द्या." नवऱ्यानं सगळ्यात शेवटी सोडला, पण सोडला.

आणि माझी पोरगी आली. अख्खा दवाखाना दणाणून सोडत आली!

सिस्टर वजनकाट्यावरूनच ओरडली, "तीन किलो!"

मी जिंकले होते. मला दुसरा शब्द सुचत नाही.

काका भर गिऱ्हाइकीत ठेला बंद करून आले. काकूनं बाळ त्यांच्यापुढं धरलं तर मागं सरकले.

"नको. माह्या हाताले तंबाखूचा वास आहे."

साबणानं हात धुऊन आले, वास घेतला, पुन्हा धुतले. तरी घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी ठेल्यातला सगळा तंबाखू काढून टाकला. लोक म्हणाले, "म्हातारा चळला, आता काय माशा मारशीन?" काकांनी चहा मांडला, चणे-फुटाणे ठेवले, बायांसाठी बडीशेपेचा घोटा चालूच ठेवला.

बारशाला आले आणि आल्या आल्या दोन्ही हात पुढं केले. "आण. आता दे."

तास झाला तरी पोरगी सोडेनात.

काका-काकूंना मूल नव्हतं. आज त्यांच्या अंगणात आम्ही सगळ्या बाया आलो, आपापली लेकरं घेऊन. माझी पोरगी, कमलचा पोरगा, अजून कितीतरी. अंगण पुरलं नाही. आम्ही हमसून रडत होतो.

काकू उठल्या. डोळे पुसले आणि आमच्यावरच डाफरल्या.

"रडून काहून राहिल्या व? पाहा जरा मागं वळून. माह्या बुढ्याचे नातू पाहा, नाती पाहा. कोणाच्या मयतीले येतात एवढे?"

काका, तुमच्या साऱ्या नातवंडांचा आणि त्यांच्या मायांचा तुम्हाला शेवटचा जय भीम.