गणिताच्या पेपराला सापडलेली पुडी

दहावीच्या परीक्षेत पर्यवेक्षकांची सरमिसळ होणार, हे सरकारनं जाहीर केलं तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये आनंद झालेली मी एकटीच असेन. आपल्या मुलांवर आपले शिक्षक नकोत, दुसऱ्या शाळेचे हवेत, वर्गावर्गात कॅमेरे हवेत. इतकी वर्षं मी तरी दुसरं काय सांगत होते? केजच्या आमच्या शाळेत माझ्या माघारी मला 'हरिश्चंद्राची बहीण' म्हणतात, आणि ते काही कौतुकानं नव्हे. खिडकीखाली उभे राहिलेले भाऊ आणि मामा, पाण्याच्या टाकीवर चढून गाइडची पानं भिरकावणारे पोरगे आणि आत वर्गात फळ्यावर रिकाम्या जागा भरून देणारे आमचेच सहकारी, सगळं मी पाहिलेलं आहे. त्याची चीड मला अजूनही येते.

तर मला धारूरच्या घाटाकडचं एक केंद्र मिळालं. सकाळी जीपमध्ये कोंबून घेऊन तिथं पोचायचं. मुलींची अंगझडती बाईनंच घ्यायची, म्हणून गेटवरही मी आणि नंतर वर्गावरही मीच. पेपराला येताना आपल्याकडं देवाचं काही ना काही जवळ असतंच. कुणाच्या मनगटाला दोरा, कुणाच्या पॅडला हळदकुंकू लावलेलं. त्याला मी हात लावत नसे.

त्या वर्गात एक मुलगी होती. आईबाप ऊसतोडीला गेलेले, ही दहावीपुरती चुलतीकडं राहिलेली. पेपर सुरू झाला की तिची मान खाली, ती थेट घंटेपर्यंत. इंग्रजीला तिनं पुरवणी मागितली तेव्हा मी चकितच झाले. पेपर सुटल्यावर नळापाशी तिला विचारलं, "पुढं काय करायचं ठरवलंय?"

"अकरावी, केजला. हॉस्टेलला नंबर लागला तर," ती म्हणाली. "त्यास्नी निकालाचा कागद लागतो. कागद न्हाई भेटला तर दसऱ्याला आयसंगं उसाच्या फडावर."

"आणि मग?"

"मग काय, लगीन." एसटी किती वाजता आहे ते सांगावं तसं तिनं सांगितलं. तिचं वय लग्नाचं नाही आणि कायद्यातही बसत नाही, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते तिला ठाऊक होतंच.

गणिताच्या दिवशी गेटवर तिच्या कंपासपेटीत कागदाची एक बारकी पुडी निघाली. मी उघडली. आत राख होती.

"अंगारा हाय बाई. आयनं फडावर जायच्या आदी नारायणगडावरून आणलता. बोलली, गणिताला जवळ ठेव. मला गणिताचं लई भ्या वाटतंय."

मी पुडी होती तशी मिटून तिच्या हातात दिली. अंगाऱ्यावर बंदी असल्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं.

पेपर सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता, तेवढ्यात भरारी पथक आलं. त्यांच्यातला तरुण अधिकारी बाकाबाकावरून फिरत तिच्यापाशी थांबला. त्यानं पुडी उचलली, राख बाकावर झटकली आणि कागद उलगडून उजेडात धरला. छापील कागद. गाइडचं पान. गेटवर मी राख पाहिली होती, कागद नाही.

"मुलींची झडती कुणी घेतली?"

"मी," म्हटलं. "त्यात अंगारा होता. आणि साहेब, ते पान इतिहासाचं आहे, तेही जुन्या अभ्यासक्रमाचं. आज गणिताचा पेपर आहे."

"नियमात छापील कागद म्हटलंय मॅडम, विषय म्हटलेला नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "सकाळपासून केंद्रं हिंडतोय. एकही केस नाही म्हटलं, तर वर म्हणतात पथक चहा पीत बसलं होतं."

चोर सोडून संन्याशाला सुळी. तिची उत्तरपत्रिका जप्त झाली, दुसरी मिळाली. तिनं बाकावरची राख ओढणीनं पुसली आणि पहिल्या प्रश्नापासून पुन्हा लिहायला लागली.

बोर्डाच्या सुनावणीला तिलाही बोलावलं आणि मलाही. साखर कारखान्याचा हंगाम संपून आईबाप परतले होते. आई तिच्यासोबत शहरात आली होती, फाटक्या टाचांची, माझ्याहून लहानच. आधी माझं म्हणणं ऐकलं. पुडी मीच उघडली, मीच परत दिली, असं मी सांगितलं. त्यांनी 'दुर्लक्ष' असं लिहून घेतलं. मग आईला विचारलं, अंगारा त्याच कागदात का बांधला?

"घरात दुसरा कागदच नव्हता सायब," ती म्हणाली. "थोरल्याचं पुस्तक फाटून पडलंतं, त्यातलं एक पान घेतलं. त्यात काय छापलंय ते मला काय कळतंय?"

सुनावणी घेणारे साहेब वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मावशी, मला पटतंय. पण पंचनाम्यात कागद आहे. नाही म्हणालात तर चौकशी लागेल, निकाल राखून ठेवावा लागेल. तो कधी सुटेल, माझ्या हातात नाही. कबूल केलं तर फक्त गणित रद्द होईल. जुलैत परत बसता येईल, तोवर अकरावीला नाव घालता येईल."

"पर म्या बगितलंच न्हाई त्यात," मुलगी म्हणाली.

"लिहून दे," आई म्हणाली. "वरीस जाईल तुजं."

मुलीनं माझ्याकडं पाहिलं. 'लिहू नकोस' असं म्हणायला मी तिथं उभी होते, आणि ते माझ्या तोंडून निघालं नाही. निकाल अडकला तर पुढं काय, हे तिनंच मला नळापाशी सांगितलं होतं. मी मान खाली घातली. त्या दिवशी माझी मला लाज वाटली, आणि त्या खोलीतल्या प्रत्येकाचा रागही आला.

काय लिहायचं ते तिला सुचेना. कारकुनानं ड्रॉवरमधून एक नमुना काढून तिच्यापुढं ठेवला. दुसऱ्या कुणाची तरी जुनी कबुली होती, नावावर पांढरी पट्टी चिकटवलेली. "ह्याच्यात बघून लिही," तो म्हणाला, "म्हणजे चुकायचं नाही." तिच्यापाशी पेन नव्हतं. साहेबांनी आपलं दिलं.

तिनं एक ओळ वाचली, लिहिली, दुसरी वाचली. अक्षर सुरेख होतं. आई हात जोडून उभी होती. दहावीच्या सगळ्या परीक्षेत या मुलीनं केलेली एकुलती एक कॉपी ती, आणि ती साहेबांच्या पेननं, आम्हा सगळ्यांच्या देखत चालली होती.